मातीशी जोडलेली नाळ

शिरगुप्पेबाई दहावीच्या वर्गात फळ्यावर स्त्री आणि पुरुष यांच्या प्रजननसंस्थेच्या आकृत्या काढत होत्या. तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब ढमाले, म्हाताऱ्या आईला शाळा दाखवत, दारात येऊन ठेपले.

"वृषण, अंडाशय, गर्भाशय! पोरींसमोर असले शब्द?" ते कडाडले. "पुसा आधी! नाहीतर उद्यापासून शाळेत येऊ नका."

बाईंनी डस्टर उचललं. भाऊसाहेब मुलांकडे वळले आणि त्यांचा भाषणाचा आवाज लागला. "बाळांनो, माझी नाळ या मातीशी जोडलेली आहे!"

"काहीतरीच काय बोलतोस?" आई दारातून म्हणाली. "मातीत ती तोडल्यावर पुरली. जोडलेली होती ती माझ्या पिशवीशी."

मग ती फळ्याजवळ गेली. "बाई, पिशवी यातली कुठली?"

बाईंनी बोट ठेवलं. आईनं त्या आकृतीजवळ हात नेला, पण खडू पुसेल म्हणून तो टेकवला नाही.

"भाऊ, हे तुझं पहिलं घर. पुसायचं म्हणतोस?"

भाऊसाहेबांनी बाईंच्या हातातलं डस्टर हळूच काढून घेतलं आणि आईला धरून पहिल्या बाकावर बसले.

"शिकवा, बाई," ते म्हणाले.