शेवटी बोलणारा भूमिया

फार फार पूर्वी, राजे कधीमधी शहाण्यासारखे वागत, त्या काळची ही गोष्ट.

राज्याच्या टोकाला एक डोंगर होता आणि डोंगरात एक गाव. तिथले लोक बांबूवर जगत. टोपल्या बांबूच्या, भिंती बांबूच्या आणि पावसाळ्यात ताटात भाजीही त्याच्याच कोवळ्या कोंबांची. पण जंगलाचं काय करायचं, हे ठरवायची राजधानी. गावकरी वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा कुठे राजाने कायदा केला, "डोंगरातल्या गावाचा कारभार गावच करील. गावसभेच्या होकाराशिवाय जंगलातल्या काडीलाही हात लावायचा नाही."

कायदा चांगला होता. पण चांगल्या कायद्यातून पळवाटा काढणारे महाभाग तेव्हाही होतेच. राजाच्या कारभाऱ्याला ते अख्खं बांबूचं बन हवं होतं. त्याने गावच्या प्रमुखाला, म्हणजे भूमियाला, बोलावून घेतलं. डोक्याला जरीचा फेटा बांधला, पोटभर जेवू घातलं आणि गोड बोलून होकार मिळवला. मग तोडणाऱ्यांची टोळी घेऊन स्वारी डोंगर चढली.

इथेच गडी फसला. त्या गावाची रीत त्याने विचारलीच नव्हती. तिथे सभेत भूमिया सगळ्यांच्या शेवटी बोलतो आणि सभेने ठरवलं असेल तेवढंच बोलतो.

बनाच्या तोंडाशी सारं गाव वाट अडवून बसलं होतं. पुढे एक म्हातारी सूप विणत होती.

"बाजूला व्हा," कारभारी म्हणाला. "तुमच्या भूमियाने होकार दिलाय."

"तो त्याच्या एकट्याचा," म्हातारी म्हणाली. "सभा आता बसलीय. माझं 'नाही' हाय."

"मी राजाचा माणूस आहे, म्हातारे."

"आन् आमी राजाच्या कायद्यातली मानसं. कोयता चालवायचा तर आदी माझ्यावर चालवा. इथून कोनी उठनार नाही."

मागून एकेक जण बोलू लागला. बाया बोलल्या, गडी बोलले. सगळ्यांचं एकच, नाही.

कारभाऱ्याबरोबर आलेल्या भूमियाची मान खाली गेली होती. त्याने फेटा उतरवून कारभाऱ्याच्या पायाशी ठेवला.

"आता माजी पाळी," तो म्हणाला. "माजं चुकलं. गावाचं 'नाही', म्हनून माजंबी 'नाही'."

कोयते म्यान झाले. कारभारी तणतणत राजाकडे गेला. राजा आधी चिडला, मग स्वतःचाच कायदा आठवून त्याने कारभाऱ्यालाच जाब विचारला. कारभाऱ्याचं पद गेलं. बन तिथेच राहिलं.

तात्पर्य: हक्क कायद्याने मिळतो, पण राखायला सगळ्या गावाला ठाण मांडून बसावं लागतं.