कडू विड्याचा खटला

एका राज्यात, जिथे मोर दवंडी देत आणि नद्या राजाला विचारून वळत, एक फार शहाणा नियम होता. कुणावर खुनाचा आळ आला, की दरबारात तीन शिळा मांडल्या जात. पहिली मरणाची, दुसरी संधीची, तिसरी निःशंकतेची. फिर्याद मांडणाऱ्याने तिन्ही उचलायच्या. पुरावा भक्कम असला की शिळा कापसासारखी हलकी होई, नसला की जागची हलत नसे. आरोपीच्या कैवाऱ्याने काहीच उचलायचे नाही, फक्त डोळ्यांत तेल घालून पाहायचे. साक्षीदाराला दोघांनी तीन-तीनच प्रश्न विचारायचे. चौथा विचारला, तर जीभ टाळूला चिकटे. बोलघेवड्यांच्या त्या राज्यात हे बरेच होते म्हणायचे!

आज दरबारात कुंदलता उभी होती. राजवाड्यात विडे लावणारी, बोटे कायम काताने रंगलेली. तिच्या हातचा विडा खाताखाता कोषाध्यक्ष गुणनिधी कोसळले आणि गेले. तिन्ही शिळा उचलल्या गेल्या, की तिला सूळ होता.

फिर्याद मांडायला शंखपाल उठले. ते गुणनिधींचे बालमित्र. कुंदलतेला त्यांच्याकडे पाहवेना. हा माणूस आपला जीव घ्यायला उभा आहे, एवढेच तिला कळत होते.

पहिली शिळा त्यांनी सहज उचलली. माणूस मेला होता, यात वाद कसला? मग गुणनिधींची साळुंकी साक्षीला आली.

"विडा खाताना त्यांच्याजवळ कोण होते?"

"कुंदलता. आणि मी. पण मी विडे लावत नाही."

दुसरी शिळा उचलली गेली.

"विडा तोंडात घालून ते काय म्हणाले?"

"'विडा कडू आहे' म्हणाले, आणि पडले."

दरबार हळहळला. आता तिची कैवारी मृणालिका पुढे आली.

"कुंदलतेने विष घालताना तू पाहिलेस?"

"नाही."

"विषाची कुपी तरी पाहिलीस?"

"नाही."

कुंदलतेला धीर आला. पण मृणालिका होती हळव्या मनाची. तिला राहवले नाही. "तूच सांग, अशी बाई खून करील का?"

"मी पक्षी आहे," साळुंकी म्हणाली. "ऐकलेले सांगते. मत विचारायला माणसे आहेत."

असा तिसरा प्रश्न वाया गेला. शंखपालांनी तिसऱ्या शिळेला हात घातला. ती बोटभर उठली आणि अडली.

"एवढी उठली, तर उचललीच समजा," राजा धवलकीर्ती म्हणाला. त्याला जेवायची वेळ झाली होती.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. राजाच्या आजोबांनीही एकदा असेच 'समजून' अनंगलेखा नावाच्या निरपराध बाईला सुळी दिले होते. मरताना तिच्या गळ्यातले मोती काळे पडले. "या हाराला शिवेल त्याच्या तोंडची आधी गोडी जाईल, मग प्राण जाईल," ती म्हणाली होती. "फिर्याद मांडणाराच आरोपीला सोडवील, तेव्हाच माझा शाप सरेल." तेव्हापासून तो हार कोषागारात मोहोरबंद पेटीत पडून होता.

"महाराज, समजून सूळ देता येत नाही," शंखपाल म्हणाले. "माझा एक प्रश्न उरला आहे."

"विचारू नका," त्यांचे सोबती कुजबुजले. "हातचा खटला जाईल."

"गेला तर जाऊ दे. साळुंकी, त्या दिवशी विड्याच्या आधी ते काय म्हणाले होते?"

"सकाळी म्हणाले, पाणी कडू आहे. मग म्हणाले, दूध कडू आहे. मग म्हणाले, खीर कडू आहे. मग विडा."

कुंदलतेने पहिल्यांदाच मान वर करून शंखपालांकडे पाहिले.

"हाराची पेटी आणा!" मृणालिका ओरडली.

पेटी आली. मोहोर तुटलेली होती आणि काळ्या मोत्यांत गुणनिधींची अंगठी अडकली होती. शंखपालांचा चेहरा पडला. मित्र गेला होता, आणि तो लोभापायी गेला होता. "मी फिर्याद मागे घेतो," ते जड आवाजात म्हणाले. "ही बाई निर्दोष आहे."

हे शब्द उच्चारताच पेटीतले मोती एकेक करून पांढरे झाले. राजा सिंहासनावरून उतरला आणि त्याने शंखपाल आणि मृणालिका दोघांना हात जोडले. "आजोबांचे पाप आज माझ्या हातून पुन्हा घडत होते. तुम्ही वाचवलेत."

कुंदलता मृणालिकेच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून ती शंखपालांसमोर आली.

"आपण माझा जीव घ्यायला उभे होतात, आणि आपणच तो राखलात. हे उपकार मी कसे फेडू?"

"मी फक्त विचारले."

"विचारायला कुणी तयार नव्हते."

तिने कमरेची चंची सोडली, पान काढले, चुना लावला, कात घातला आणि विडा पुढे केला. शंखपालांनी तो उलगडून पाहिला नाही, हुंगला नाही. सरळ तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"कसा आहे?" तिने विचारले.

"गोड," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

ज्याच्यावर आळ येईल, त्याला वैरी असाच भेटो, आणि ऐकणाऱ्या-सांगणाऱ्यांच्या तोंडची गोडी कधी न सरो.