साळुंकीकडे ठेवलेला शब्द

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. तरी सांगते. मधेच कुणी आलं तर मी गप्प बसेन. तुम्हीही काही ऐकलं नाही असं दाखवा.

एका राज्यात तळं आटलं होतं. तिथल्या राजा धवलसेनाला दोन मुली होत्या, थोरली चंद्रावळ आणि धाकटी शेवंता. धुक्याच्या समुद्रापलीकडे मांत्रिकांचा देश होता. तिथे घड्यात झरा बांधायची विद्या शिकवत. ती शिकायला चंद्रावळ अठराव्या वर्षी गेली. शेवंता तेव्हा नऊ वर्षांची होती.

राजवाड्याच्या दारावर एक साळुंकी राहत असे. घरातलं माणूस बाहेरून परतलं की ती त्याच्या नावाने "आला" किंवा "आली" म्हणे, आणि दार आपणहून उघडे. तिला माणूस कसं ओळखू येतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

सात वर्षांनी चंद्रावळ परतली. तिच्या कडेवर मातीचा घडा होता. ती दारापुढे उभी राहिली. साळुंकीने चोच पिसांत खुपसली आणि दार उघडलं नाही. शेवटी दोन पहारेकऱ्यांनी ते ढकललं, तेव्हा बिजागऱ्या कुरकुरल्या, कारण त्यांना कुणी ढकलायची सवय नव्हती.

त्या क्षणापासून शेवंताने थोरलीवरची नजर काढली नाही.

जेवताना राणीने भात वाढला, तर चंद्रावळ म्हणाली, "मी आपली आभारी आहे." राणीचा हात वाढता वाढता थांबला. आईचे आभार कोण मानतं? मग तिने विचारलं, पाणी पिऊ का. आमटीच्या पहिल्या घासाला तिखटाने तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. स्वतःच्याच खोलीच्या दारावर तिने टकटक केली आणि आतून कुणी "ये" म्हणेल म्हणून उभी राहिली. आणि पानावरून उठताना म्हणाली, "जाते मी."

"येते म्हणावं गं," राणी पुटपुटली.

"हो. येते." पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या तोंडून "जाते"च निघालं. तो शब्द ऐकून शेवंता अर्ध्या पानावरून उठली. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

राजवाड्यात रुद्रभट नावाचा मांत्रिक होता. पलीकडच्या देशात माणूस ठेवून घेतात आणि त्याचं सोंग परत पाठवतात, असं त्याने राजाला सांगितलं. मग तो शेवंताकडे वळला आणि तिने काय काय पाहिलं ते विचारलं. शेवंताने बोटांवर मोजून सगळं सांगितलं. आभार सांगितले, पाणी सांगितलं, टकटक सांगितली. राजाने दरबारात शब्द दिला: तीन दिवस, तीन कसोट्या. एकही साधली नाही, तर तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत हिला नावेत बसवून धुक्यात सोडायचं. असं सोडलेलं माणूस परत येत नसे.

पहिल्या दिवशी चंद्रावळीचे डोळे बांधले आणि तिला दारापासून देवघरापर्यंत चालायला सांगितलं. ती पावलं मोजत निघाली, बाविसाव्या पावलावर डावीकडे वळली आणि भिंतीवर आपटली. दासी हसल्या.

"इथे दार होतं," कपाळ चोळत ती म्हणाली.

होतंच. चार वर्षांपूर्वी ते बुजवून टाकलं होतं. हे शेवंताला ठाऊक होतं. पण ती पायाच्या बोटांकडे बघत उभी राहिली. इतरांनी कदाचित विसरायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी घडा तळ्यावर नेला. चंद्रावळीने तो तिरका केला, तर आतून चिमूटभर धूळ पडली. तिने सांगितलं की गुरूंची अटच तशी आहे, हा झरा घरी आलेल्याच्याच हातून वाहतो.

"मग तू घरी आली नाहीस, असाच अर्थ झाला," रुद्रभट म्हणाला. चंद्रावळीने घडा पालथा करून उरलेली धूळ झटकली.

त्या दुपारी दोघी बहिणी कोरड्या तळ्याच्या पायरीवर बसल्या होत्या. शेवंता पहाऱ्याला होती, म्हणून चार हात लांब बसली होती. चंद्रावळ तिच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली.

"माझ्या बहिणीच्या भुवईवर असा डाग नव्हता," ती म्हणाली. "दार हललंय. आई माझ्याकडे बघत नाही. मला तर वाटतं, नावाड्याने मला चुकीच्या किनाऱ्यावर उतरवलं. माझं घर अजून पुढे कुठेतरी असेल. तुम्हीच सोंगं आहात."

"हा डाग देवी आल्या तेव्हाचा आहे."

"केव्हा?"

"तू गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. मी वाचेन असं कुणाला वाटत नव्हतं."

चंद्रावळीचा चेहरा उतरला. "मला कुणी कळवलं नाही," ती म्हणाली आणि पाठ फिरवून बसली. लहानपणीही ती अशीच रुसायची, गुडघे पोटाशी घेऊन, उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून. शेवंताने तो अंगठा पाहिला आणि त्या दिवशी तिने रुद्रभटाला काहीच सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी साळुंकीला दरबारात आणलं. रुद्रभटाने आज्ञा केली, "ही कोण आहे ते सांग."

"घरातून निघणारा माणूस 'येतो' किंवा 'येते' म्हणतो," साळुंकी म्हणाली. "तो शब्द मी पंखाखाली ठेवते आणि माणूस परतला की देऊन टाकते. हिचं येणं माझ्याकडे नाही. जे ठेवून गेली, ते ऐका."

तिने पंख उचलला. आधी एका लहान मुलीचा आवाज आला, "जा. जा एकदाची." मग चंद्रावळीचा, सात वर्षांपूर्वीचा, कोवळा आणि दुखावलेला: "ठीक आहे. जाते मी."

दरबारात कुजबुज झाली. त्या घरात निघणाऱ्याने "येते" म्हणायचं आणि राहणाऱ्याने "ये" म्हणायचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. लहान आवाज कुणाचा, ते मात्र कुणाला कळेना.

"माझा," शेवंता म्हणाली. "अक्का मला सोडून जात होती, म्हणून मी पडद्यामागे लपून तसं बोलले."

"आवाज कुणाचाही असो," रुद्रभट म्हणाला, "कसोट्या तीन झाल्या."

राजाने मान खाली घातली. शब्द दिलेला होता. चंद्रावळीला धुक्याच्या समुद्रावर नेऊन नावेत बसवलं, घडा तिच्या मांडीवर ठेवला. सूर्य अजून हातभर वर होता. शेवंता काठावरून पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत, आणि तिने नावेची कड धरली.

"अक्का, ये."

"कुठे? मला इथे ओळखतं कोण?"

"मी. तू आपटलीस तिथे दार होतं. त्याच्या कडीत माझं बोट अडकलं होतं आणि तू तेल लावून सोडवलंस."

"पहिल्या दिवशी का नाही बोललीस?"

शेवंताने नावेची कड आणखी घट्ट धरली. "तू सोंग असतीस तर बरं, असं वाटत होतं. तू खरी ठरलीस, तर मी बोलले तेही खरं ठरत होतं."

नावाड्याने वल्हं उचललं. मग चंद्रावळीने धाकटीच्या भुवईवरच्या डागाला बोट लावलं आणि म्हणाली, "बरं. येते."

नाव तीन वल्ही पुढे गेली आणि आपणहून वळली. वाड्याशी पोहोचायच्या आतच साळुंकी ओरडली, "चंद्रावळ आली." दार उघडलं ते भिंतीवर आदळलं. घडा पाझरू लागला. तो तळ्यावर नेईपर्यंत चंद्रावळीचं लुगडं चिंब झालं होतं. दिवस बुडायच्या आत तळ्याची खालची पायरी पाण्याखाली गेली. बुजवलेलं दार राजाने उघडायला लावलं. विटा काढायचं काम रुद्रभटाकडे आलं.

तरी चंद्रावळ पुढे पुष्कळ दिवस आमटीला डोळे पुसायची आणि आईचे आभार मानायची. राणीला त्याची इतकी सवय झाली की एकदा तीच राजाला "आभारी आहे" म्हणाली, आणि राजा दिवसभर संशयाने तिच्याकडे बघत राहिला. पलीकडच्या देशात चंद्रावळ काय खायची, कुठे झोपायची, हे मात्र शेवंताने तिला विचारलंच नव्हतं. एके दिवशी विचारलं. तेव्हा अक्का आधी दार लावून आली, आणि म्हणाली की तिकडे पहिल्या दिवशी तिला…

आले, आले. हाक मारतायत मला. तुम्ही काही ऐकलं नाही हं. येते.