खारूताईचा घरचा भरडा

नदीच्या वळणावर एक दाट राई होती. त्या राईतल्या आंब्याच्या झाडावर एक साळुंकी राहत असे. स्वभावाने ती फार मऊ होती. कुणाला दुखावणे तिला जमतच नसे. कुणी तिची जागा बळकावली तर ती मुकाट्याने दुसऱ्या फांदीवर जाऊन बसे. कुणी तिच्या चोचीतला किडा पळवला तर ‘भूक लागली असेल बिचाऱ्याला,’ असे म्हणून ती दुसरा शोधायला निघे. राईतले सगळे पक्षी तिला भली म्हणत. आणि मुलांनो, लोकांनी आपल्याला भलेच म्हणत राहावे, याची तिला मनातून फार काळजी असे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला. शेजारचे वाळलेले सावरीचे झाड कडाडून मोडले. त्या झाडाच्या ढोलीत पोपटाचे एक जोडपे राहत होते. वारा पडल्यावर साळुंकी घाईने तिकडे गेली. पोपट आणि पोपटीण कुठेच दिसेनात. उभ्या राहिलेल्या बुंध्यातल्या ढोलीत मात्र एक पिल्लू अंग चोरून बसले होते. त्याच्या अंगावर पिसांचे नुसते खुंट फुटले होते. साळुंकीने आईबापांची वाट पाहिली, हाका मारल्या, नदीच्या दोन्ही काठांवर शोधले. ते परतले नाहीत. शेवटी ती ढोलीच्या तोंडाशी येऊन बसली आणि म्हणाली, “रडू नकोस बाळा. आजपासून मी आहे.”

साळुंकीला स्वतःचे पिल्लू नव्हते. तिने मोठ्या हौसेने नाकतोडे पकडून आणले, ओल्या मातीतले गांडूळ आणले. पिल्लाने मान फिरवली. तिने उंबराचा गर आणला, तो त्याने थोडा खाल्ला, पण तेवढ्याने त्याचे पोट भरेना. दिवसेंदिवस ते सुकत चालले. तेव्हा एका बुलबुलाने तिला सांगितले, “अगं, चिंचेवरच्या खारूताईकडे जा की! तिच्या हातचा भरडा खाऊन राईतली किती पिल्लं बाळसं धरून उठली.”

खार खरोखरच मायाळू होती. सुगी झाल्यावर शेतात सांडलेले ज्वारी-बाजरीचे दाणे ती वेचून आणी, उन्हात वाळवी, दगडावर भरडी आणि ज्याच्या घरी पिल्लू असेल त्याला पळसाच्या पानात बांधून देई. त्याबद्दल ती कुणाकडून काही घेत नसे. “घरचं आहे हो, अगदी माझ्या हातचं,” एवढे मात्र ती प्रत्येकाला अभिमानाने सांगे. साळुंकीलाही तिने पानभर भरडा दिला. साळुंकीने तो पाण्यात भिजवला, त्याची इवलीशी गोळी केली आणि पिल्लाच्या चोचीत घातली. पिल्लाने ती गिळली आणि पुन्हा चोच उघडली.

त्यानंतर ते भराभर वाढले. अंगावर हिरवीगार पिसे आली, चोच लाल झाली. ढोलीच्या तोंडाशी बसून ते पंख फडफडवू लागले. साळुंकी दुरून येताना दिसली की “आई, आई” म्हणून राई डोक्यावर घेऊ लागले. साळुंकीला त्या हाकेपुढे दुसरे काही सुचत नसे. “अजून थोडी ताकद येऊ दे,” ती म्हणे, “मग तुला नदीपलीकडचं जांभळीचं झाड दाखवीन.”

उन्हाळा सरत आला. शेते उघडी पडली. वेचायला दाणा उरला नाही. तरीही खारीने साळुंकीला नेहमीसारखे पान बांधून दिले. त्या दिवशीचा भरडा साळुंकीला वेगळा वाटला. त्याला कसलीशी लालसर झाक होती आणि उग्र दर्प येत होता. ढोलीशी पान सोडताना थोडा भरडा बुंध्याला उरलेल्या फांदीवर सांडला. त्याच फांदीवरून मुंग्यांची रांग चालली होती. एरवी सांडलेल्या कणावर त्या तुटून पडत. आज पहिली मुंगी भरड्यापाशी आली, मिशा हलवून थबकली आणि वळसा घालून निघून गेली. तिच्यामागच्या साऱ्या मुंग्या तशाच वळल्या.

साळुंकीने ते पाहिले. पान तसेच झाकून ती चिंचेकडे उडाली. तिथे बुलबुल, चिमण्या, होले अशी बरीच मंडळी आपापले पान घ्यायला जमली होती. साळुंकीने चाचरत विचारले, “खारूताई, राग मानू नकोस, पण या वेळचे दाणे कुठले गं?”

खारीचे हात थांबले. “कुठले म्हणजे? घरचेच. का बरं?”

“नाही, जरा वास येतोय... आणि मुंग्याही लागल्या नाहीत, म्हणून आपलं विचारलं.”

खारीचा चेहरा पडला. डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, “साळूबाई, ऊन म्हटलं नाही, वारा म्हटला नाही, तुझ्या लेकरासाठी मी हातांनी भरडते. आणि तू माझ्यावर संशय घेतेस?”

“खारूताईच्या हातचं आणि शंका!” एक चिमणी दुसरीच्या कानाशी लागली, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

साळुंकीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. “छे छे, संशय कसला!” ती घाईघाईने म्हणाली. “चुकलंच माझं. तू मनाला लावून घेऊ नकोस.” आणि ती माघारी फिरली. आपला प्रश्न होता तसाच राहिला आहे, हे वाटेत तिच्या लक्षात आले. पण परत जाऊन पुन्हा विचारायचे तिला धाडस होईना. ‘खारूताई का कुणाचं वाईट करील?’ असे ती स्वतःला समजावत राहिली.

ढोलीत पिल्लू भुकेले होते. तिने गोळी करून त्याच्या चोचीत घातली. पिल्लाने तोंड वाकडे केले.

“आई, आज कडू लागतंय.”

साळुंकी दुसरी गोळी करता करता थांबली. पण खारीचे भरलेले डोळे तिला आठवले. ती म्हणाली, “खाऊन घे राजा. खारूताईनं मायेनं केलंय. नावं ठेवू नयेत.”

पिल्लू शहाणे होते. आईचे मन मोडू नये म्हणून त्याने डोळे मिटले आणि पान संपवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हाक मारली नाही. साळुंकीने ढोलीत पाहिले, तर ते एका कुशीवर कलंडले होते. मान थरथरत होती, पंख सैल पडले होते, चोचीतून लाळ गळत होती. “आई, मला उभं राहता येत नाही,” ते पुटपुटले. साळुंकीने त्याला पाणी पाजले, पण ते घशाखाली उतरेना.

आता साळुंकीला ना भीड राहिली ना संकोच. ती बाणासारखी चिंचेवर गेली आणि खारीपुढे उभी राहून ओरडली, “खरं सांग! दाणे कुठून आणलेस?”

तिचा अवतार पाहून खार घाबरली. खाली मान घालून म्हणाली, “साळूबाई, शेतात काही उरलं नव्हतं. पिल्लांच्या आया रोज येत होत्या. रिकाम्या हातानं पाठवायचं कसं? म्हणून बांधावरच्या घुशीकडून घेतले. तिच्याकडे ढीग होता. मी तिला चिंचोके दिले, तिनं मला दाणे दिले.”

“तिनं कुठून आणले?”

“ते... ते मी विचारलं नाही.”

दोघी धावतच बांधाकडे गेल्या. घूस बिळाच्या तोंडाशी बसली होती. सगळे ऐकून ती चपापली. “ते दाणे शेतकऱ्याच्या खोपटातले गं. पेरणीसाठी आणलेलं बियाणं. कीड लागू नये म्हणून त्याला लाल औषध चोळलेलं असतं. ओढून आणल्यावर वास आला, तेव्हापासून मी स्वतः त्याला तोंड लावत नाही. तू ते कुठेतरी पेरणार असशील असं मला वाटलं. खाण्यासाठी हवेत, असं तू कुठं म्हणालीस?”

“तो रंग मला बरा दिसला नाही,” खार रडत म्हणाली, “म्हणून मी दाणे ओढ्यावर नेऊन चोळून चोळून धुतले. मला वाटलं, धुतले की झाले स्वच्छ.”

साळुंकी पुढचे ऐकायला थांबली नाही. ती ढोलीकडे परतली तेव्हा पिल्लाचे डोळे अर्धवट उघडे होते. ती त्याच्या अंगाला अंग लावून बसली. “नदीपलीकडे जायचंय ना आपल्याला?” ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. पिल्लाने तिच्या पिसांत चोच खुपसली. दुपार कलायच्या आत त्याचा श्वास थांबला.

तिकडे खार झाडाझाडावर धावत होती. “पान सोडू नका! पिल्लांना देऊ नका!” असा तिने आकांत मांडला. काही घरी भरडा अजून झाकलेला होता, ती पिल्ले वाचली. काही घरी उशीर झाला होता. खारीने उरलेले सगळे दाणे खोल खड्ड्यात पुरले, त्यावर मोठा दगड लोटला आणि मग साळुंकीपुढे येऊन ती मटकन बसली.

“मला बोल, साळूबाई. हवं ते बोल. मीच मारलं गं तुझ्या लेकराला.”

साळुंकीने पिल्लाची विस्कटलेली पिसे सारखी केली. मग म्हणाली, “तुला कळलं नव्हतं, खारूताई. मला मात्र शंका आली होती. मुंग्यांनी सांगितलं, वासानं सांगितलं, शेवटी माझ्या लेकरानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मी साऱ्यांची मनं सांभाळत बसले. त्याचं तेवढं ऐकलं नाही.”

दोघी कितीतरी वेळ शेजारी शेजारी बसून राहिल्या.

पुढच्या सुगीला खारीने पुन्हा भरडा करायला घेतला. आता ती पान देण्याआधी दाणे कोणत्या शेतातले हे आपणहून सांगे आणि पहिला घास स्वतः खाऊन दाखवी. नवी पिल्ले वाढली, उडाली. पक्षी खारीचे कौतुक करत. साळुंकीवरही कुणी कधी ठपका ठेवला नाही. सगळे तिला अजून भलीच म्हणत. तो शब्द कानावर पडला की ती हातातले काम टाकून उठे आणि एकटीच नदीपलीकडे उडून जाई.

तात्पर्य : देणाऱ्याची माया खरी असली, तरी दिलेले अन्न कुठून आले हे विचारायला लाजू नये, भिडेपोटी गिळलेल्या शंकेचे फळ आपल्यावर विसंबलेल्या जिवाला भोगावे लागते.