तोंड नसलेलं पाखरू

“मग सांगा बाबा, या दोघांत थोर कोण?”

विश्वंभरचा आवाज पार खोल गेला होता. वैराग्य शोधत गणोबाबांकडे आल्यावर धरलेल्या उपासाचा हा अकरावा दिवस. त्याच्या तळहातावर कोशातून नुकतंच निघालेलं टसर रेशमाचं पाखरू बसलं होतं. भिंतीच्या कडेनं एक चिचुंद्री हुंगत चालली होती. किडा दिसला की गट्ट!

गणोबाबा भाकरी मोडत होते. आरमोरीच्या जंगलाकडेला झोपडी बांधण्याआधी त्यांनी तीस वर्षं ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या पोसल्या होत्या; अजूनही थोड्या पोसत.

“तूच सांग.”

“या चिचुंद्रीला घडीघडीला खायला लागतं. नाही मिळालं तर मरते. आणि हे पाखरू... याला तोंड असून नसल्यासारखं. पंख फुटल्यापासून अन्नाचा कण नाही. आठ दिवस जगायचं आणि निघून जायचं. याला म्हणतात विरक्ती!”

बोलता बोलता त्याची नजर बाबांच्या ताटाकडे गेली. बाबा तीन वेळा जेवतात, हे त्याला आल्या दिवसापासून खुपत होतं.

बाबांनी हात धुतले.

“चल.”

उठताना विश्वंभरला अंधारी आली. बाबांनी त्याला खांदा दिला आणि मागच्या ऐनापाशी नेलं. सगळं रान हिरवंगार, पण या झाडाला एक पान नव्हतं.

“कोणी खाल्लं?” बाबांनी विचारलं.

“अळ्यांनी.”

“कोणाच्या?”

विश्वंभरनं तळहाताकडे पाहिलं.

“यानंच... पंख फुटायच्या आधी.”

“एका झाडावर भागलं नाही. मग मीच उचलून दुसऱ्यावर ठेवलं.”

विश्वंभरनं पाखरू अलगद फांदीवर सोडलं.

“बाबा, माझी आई...”

“कुठं असते?”

“वर्ध्याला. एकटीच. बारा वर्षं लोकांच्या घरी पोळ्या लाटून शिकवलं मला. निघताना तिला म्हणालो, मला आता कशाचीच गरज नाही.”

“काय म्हणाली?”

“ताट वाढून उभी होती नुसती.”

बाबांनी पाठीवर हात ठेवला, आत जाऊन कोमट पेज आणली, वाटी त्याच्या हातात दिली.

“घोट घोट पी. दुपारची एसटी आहे...”

“जाऊन काय सांगू तिला?”

“सांगायचं कशाला? ती अजून जेवली नसेल.”