गळ्यापर्यंत माती

“मग यांत उणं काय आहे, तेवढं तरी सांगा,” सारंगधराने विचारले.

त्याच्या गुरू भागामाय त्याच्या रोपांकडे पाहत होत्या.

डोंगरमाथ्यावरच्या त्या मठात थंडीच्या दिवसांत टोमॅटोचे बी उघड्यावर तग धरत नसे. म्हणून प्रत्येक शिष्य आपल्या खोलीत, खिडकीपाशी, मातीच्या पसरट भांड्यात, परळात, ते रुजवी. रोपे वाफ्यात लावण्याजोगी झाली असे मायनी म्हटले, की त्या शिष्याला मठाबाहेर जाऊन स्वतः शिकवण्याची मुभा मिळे.

सारंगधराची रोपे सर्वांत उंच होती. खोड कणखर व्हावे म्हणून इतर शिष्य आपले परळ रोज घटकाभर ओसरीवरच्या वाऱ्यात ठेवत. त्याने मात्र दार लावून घेतले होते. वाऱ्याची झुळूकही आत येऊ दिली नव्हती, आणि प्रत्येक रोप दोऱ्याने काडीला बांधले होते.

“अशीच वाढली, तर टोमॅटो तोडायला मला शिडी लागेल,” माय म्हणाल्या.

“थट्टा नको, माय. मी पात्र आहे की नाही?”

मायनी एका रोपाचा दोरा सोडला. रोप सावकाश आडवे झाले.

“उभं कोण होतं रे? रोप, की काडी?”

“पुन्हा बांधीन,” सारंगधर म्हणाला. “तुम्ही मुभा द्या अथवा देऊ नका, मी उद्या निघणार. इथे माझ्याइतकं वाचलेलं दुसरं आहे कोण?”

“कोणी नाही. परळ घे. चल.”

वाफ्यापाशी बसून त्या खुरप्याने खणू लागल्या. खड्डा चांगला वीतभर झाला, तरी थांबेनात. मग त्यांनी आडव्या झालेल्या त्या रोपाची खालची पाने खुडली, ते आत धरले आणि माती लोटली. खोड बुडाले. शेंडा तेवढा वर उरला.

सारंगधराने त्यांचे मनगट धरले. मठात असे कोणी कधी केले नव्हते.

“गळ्यापर्यंत पुरताय? इतरांची तर मुळांपुरतीच लावलीत.”

“ती बुटकी आहेत. त्यांना तेवढं बास.”

“हे मरेल.”

“परळातल्या त्या रोपांच्या खोडावरची लव बघ. माती लागली, की तिथूनही मुळं फुटतात. टोमॅटोचं असंच असतं. जेवढी उंची, तेवढं मूळ.”

त्याने मनगट मात्र सोडले नाही.

“कळलं मला,” तो म्हणाला. “मी नमतं घ्यावं, एवढंच ना? तर ऐका, माय. मी वाकणार नाही. तुमच्यापुढेही नाही.”

परळात अजून बरीच रोपे होती. मायनी मोकळ्या हाताने खुरपे उचलले आणि त्याच्यापुढे धरले.

“वाकू नकोस,” त्या म्हणाल्या. “खड्डा खोल खण.”