झिपरूवैद्याचा मांडव

माणूस जंगलात फिरकलाही नव्हता, तेव्हा डोंगरोडोंगरी प्राण्यांचे दवाखाने होते. सगळ्यांनी मिळून ठरवलं, रोग्यांची माहिती साळुंक्यांनी या दवाखान्यातून त्या दवाखान्यात पोचवायची. झिपरू अस्वल नावाजलेला वैद्य. त्यानं साळुंक्यांना बसायला झोकात मांडव घातला, उद्घाटनाला लाडू वाटले. रोग्यांच्या नोंदी मात्र तो पूर्वीसारख्याच झाडांना अंग घासून वासानं ठेवत राहिला.

"आम्हाला वास कळत नाही, वैद्यबुवा," साळुंकी म्हणाली.

"मला कळतो ना? झालं तर!"

पुढे नदीपलीकडे मध काढताना त्याला आग्या माश्यांनी फोडून काढलं. जीभ सुजून तोंडात मावेना. तिथल्या वैद्यीण पाणमांजरबाईंनी साळुंकीला पिटाळलं, "यांना कुठलं औषध चालत नाही, बघून ये. तोवर निर्गुडीचा काढा करते."

निर्गुडी! तिनंच तर लहानपणी त्याचा जीव जाता जाता राहिला होता. घरच्या झाडावर तशी नोंदही होती. झिपरूनं जोरजोरात मान हलवली, पाय झाडले.

"फार दुखतंय बिचाऱ्याला," म्हणत दवाखान्यातल्या चौघांनी त्याला दाबून धरलं.

साळुंकी परतली. झिपरू डोळ्यांत प्राण आणून पाहू लागला.

"झाडांवर काहीच नाही हो बाई," ती म्हणाली. "मांडव मात्र फार सुरेख आहे!"

पाणमांजरबाईंनी झिपरूचा जबडा उघडला आणि काढ्याची वाटी तोंडाला लावली.